कापून टाकलेलं वाक्य

भुताखेतांचे असले अनुभव वाचून मी आजवर खो-खो हसलोय. पुणेरी खोड, दुसरं काय! आज स्वतःच लिहायला बसलोय, तर हसा खुशाल…

बंगळूरला एचएसआर लेआउटमध्ये आमची छोटी कंपनी आहे. शहरातल्या जुन्या जागांसाठी आम्ही अ‍ॅप बनवतो. तिथला क्यूआर कोड स्कॅन केला, की तिथल्याच रहिवाशाच्या आवाजात त्या जागेची गोष्ट ऐकू येते. नियम एकच — नव्वद सेकंद. त्यापुढे पर्यटक ऐकत नाहीत.

बसवनगुडीतल्या एका जुन्या पुष्करणीसाठी, म्हणजे पायऱ्यांच्या तळ्यासाठी, मी तळ्याशेजारी राहणाऱ्या कुलकर्णी अण्णांचं रेकॉर्डिंग केलं. तीन पिढ्या तिथंच गेलेलं मराठी घर. त्यांची थोरली बहीण, त्यांची अक्का, लहानपणी त्यांच्या डोळ्यांदेखत या पाण्यात बुडून गेली होती.

"तिसरी पायरी आतनं पोकळ आहे," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी मला ओरडायला झालं नाही बघा. एवढं स्वल्प, एवढंसंच, ठेवा त्यात. उतरू नका म्हणून सांगा लोकांना."

"सरी अण्णा," मी कानडीतच हो म्हणालो. शब्दच दिला.

एडिटिंगला बसलो तर चौदा सेकंद जास्त होत होते. क्लायंटला दुःखाचं काही नको होतं, आणि पायऱ्यांवर नवी कोरी फरशीही बसली होती. मी तिसऱ्या पायरीचं तेवढंच बोलणं उडवलं. मूळ फाइलही डिलीट केली. पंधरा दिवसांनी अण्णा गेले. तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून मी त्यांच्या घरच्यांना भेटायलाही गेलो नाही.

लाँचच्या आधीच्या रविवारी सकाळी मी केतकीला, माझ्या बायकोला, टेस्टिंगला घेऊन गेलो. तिला पाचवा महिना होता. कानात इयरफोन घालून ती पुढे, मी मागे. दुसऱ्या पायरीवर ती थबकली.

"अरे, हे काका ओरडतायत का? 'अक्का, थांब! उतरू नको!'… सारखं तेच."

"काहीतरीच काय! चल, हात दे," म्हणत मी वैतागून तिच्या पुढे झालो आणि तिसऱ्या पायरीवर पाय टाकला. फरशी फुटली. मांडीपर्यंत आत गेलो, नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ती उतरली असती तर — हे वाक्य मला अजून पुरं करता येत नाही.

हॉस्पिटलमधून सर्व्हरवरची फाइल तपासली, केतकीच्या फोनवरचीही. दोन्ही नव्वद सेकंदांच्या. "आमची अक्का इथं फुलं धुवायची," इथं संपतात. पुढे काही नाही. रेकॉर्डिंगमध्ये तर अण्णा एकदाही ओरडले नव्हते, शांतपणे बोलत होते. केतकीला भास झाला म्हणावं, तर अक्का इथं बुडाल्याचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

आता तिथं कुंपण आहे आणि अ‍ॅपवर माझ्या आवाजात इशारा आहे. नियम गेला खड्ड्यात. केतकीनं काय ऐकलं, ते मला आजही उलगडलेलं नाही. एवढंच कळतं, की अण्णा या वेळी ओरडले. आणि त्यांची माफी मागायला मला उशीर झाला.