आबा, साईड!

मला तो फुटबॉलचा व्हिडिओ गेम मुळीच आवडत नसे, हे आधीच सांगून टाकते. शनिवारी दुपारी जेवणं आटोपली की माझी मुलगी टीव्हीसमोर ठाण मांडायची आणि न्युरेम्बर्गच्या आमच्या लहानशा फ्लॅटमध्ये अख्खं स्टेडियम शिरायचं. ढोल, गाणी, शिट्या, आणि त्यावर जर्मन समालोचकाची अखंड बडबड. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या की बोलणी मी खायची. मुलगी चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलत मात्र नाही. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, अशीच आमच्या घराची रीत पडून गेली होती. सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

सासूबाई गेल्या त्या वर्षी नवऱ्याने आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कोल्हापूरहून आमच्याकडे आणलं. व्हिसा तीन महिन्यांचा. आबांना जर्मन येत नव्हतं आणि इंग्रजी अगदी कामापुरतं. नातीशी बोलायला त्यांच्याकडे मराठीच होती, तीही कोल्हापुरी. मी पुण्याची. आमच्याकडे शब्द मोजून वाढतात, त्यांच्याकडे वाढपी ताटापाशी उभाच असतो. पण सासूबाईंच्या मागे तेही गप्प झाले होते. या तीन महिन्यांत माझी एकच इच्छा होती: नातीने आजोबांशी एकदा तरी त्यांच्या भाषेत बोलावं. पुढच्या भेटीचा भरवसा त्या वयात कोणी द्यावा?

आबा तरुणपणी फुटबॉल खेळलेले. ज्यांना कोल्हापूर ठाऊक नाही त्यांना हे नवल वाटतं. तिथे पेठेपेठेच्या तालमींचे संघ असतात, आणि सामन्याच्या दिवशी सोयरीक जुळवायला आलेले पाहुणेसुद्धा आधी कोणत्या पेठेचे ते विचारून मग पाणी पितात. आबा आपल्या तालमीकडून पुढे खेळायचे, गोल करणाऱ्यांतले. त्यामुळे नात टीव्हीवर फुटबॉल खेळते म्हटल्यावर ते पहिल्याच शनिवारी हौसेने तिच्याशेजारी सोफ्यावर जाऊन बसले.

त्या गेममध्ये काय नाही ते विचारा. पाऊस पडला की मैदान जड होतं आणि चेंडू मध्येच थबकतो. खेळाडू दमतात, त्यांच्या दमाची पट्टी पडद्यावर हळूहळू रिकामी होते. बाकावर बसवून ठेवलेला खेळाडू रुसतो, व्यवस्थापकाला निरोप पाठवतो. खेळाडूंना वयही होतं, वेग कमी होत जातो आणि एक दिवस ते खेळ सोडतात. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. एवढं सगळं चोख चालतंय हे पाहून, राग बाजूला ठेवून, मलाही कौतुक वाटलं होतं.

पुढच्या काही शनिवारी मला एक विचित्र गोष्ट दिसली. आबा सोफ्यावर मधोमध बसायचे, थोड्या वेळाने कडेला सरकायचे, मग अगदी सोफ्याच्या हाताला चिकटायचे, आणि शेवटी उठून जेवणाच्या टेबलाशी, खिडकीकडे तोंड करून बसायचे. मग सोफ्यावर जाणंच त्यांनी सोडलं. विचारलं तर म्हणाले, "पोरीला खेळू दे की. माझी कशाला अडचण?" आणि एका सकाळी चहा घेताना, माझ्याकडे न बघता, "माझं तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघ," म्हणाले.

माझ्या नाकावरच राग असतो. मी सरळ मुलीच्या खोलीत गेले आणि आजोबांना काय बोललीस म्हणून फैलावर घेतलं. "इश हाब गार निष्ट्स गेझाक्ट!" मी काहीच बोलले नाही, असं ती रडकुंडीला येऊन ओरडली. "काहीच बोलत नाहीस, तेच तर दुखणं आहे," मी म्हणाले आणि दार आपटून बाहेर आले.

त्या शनिवारी मी आबांना आग्रहाने पुन्हा सोफ्यावर बसवलं आणि हातात तांदूळ निवडायला घेऊन समोर बसले. जर्मनीतल्या पॅकबंद तांदळात निवडण्यासारखं काही नसतं, पण बसायला निमित्त हवं. सामना सुरू झाला. मुलीचा खेळाडू चेंडू घेऊन गोलकडे धावला, पंचाने शिट्टी दिली, आणि ती वैतागून पडद्यावर ओरडली, "आब्झाइट्स!"

आबा सरकले.

थोड्या वेळाने पुन्हा शिट्टी. "आब्झाइट्स!" आबा उठून उभे राहिले. ते टेबलाकडे निघाले तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आब्झाइट्स म्हणजे ऑफसाईड. पण आबांचा एक कान तसाही कमी ऐकतो, आणि नात त्यांना आबाच म्हणते. त्यांना ऐकू येत होतं, "आबा, साईड!" गाडीवाल्याने हॉर्न वाजवून बाजूला व्हायला सांगावं तसं. आणि हा माणूस, बायको जाऊन वर्ष न झालेला, एक शब्द न बोलता दर शनिवारी बाजूला होत होता. ध चा मा झाला होता, तोही मी समोर बसलेली असताना.

मी मुलीला खेळ थांबवायला लावला आणि दोघांना सगळं सांगितलं. तिला आधी हसू फुटलं, मग ते थांबेना, आणि मग ती रडायलाच लागली. आबा तिच्याकडे बघत राहिले. "ऑफसाईड व्हय?" ते म्हणाले. "आरं तिच्या! मग तसं सांगायचं की!" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग कडक आवाजात विचारलं, "पण तू सारखी ऑफसाईडला का जायलीस? बघ इकडं." पायातली चप्पल, माझं तांदळाचं ताट आणि रिमोट मांडून त्यांनी तिला धाव कधी काढायची ते शिकवलं. ती जर्मनमध्ये विचारत होती, ते मराठीत सांगत होते, आणि मला मध्ये पडायला कोणी बोलावलं नाही. तिकिटाचं नाव पुन्हा निघालं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर आबांच्या हातात कन्सोलचा, म्हणजे गेमच्या यंत्राचा, दुसरा कंट्रोलर आला. बटणं त्यांना लवकर जमली नाहीत. पण त्या गेममध्ये स्वतःचा संघ बनवायची सोय आहे. मुलीने त्यांच्या तालमीचा संघ केला. शर्टाचे रंग त्यांच्याकडून विचारून घेतले, खेळाडूंची उंची, कोण डाव्या पायाचा, कोण टक्कल पडलेला, हेसुद्धा. आबा एकेक नाव सांगत गेले, ती रोमन अक्षरांत भरत गेली. ती नावं इथे लिहीत नाही, ती त्या त्या घरची आहेत. बहुतेक माणसं आता हयात नाहीत.

समालोचकाला मात्र ती नावं घेता येत नव्हती. त्याच्याकडे ठराविक नावांचाच साठा असतो, बाकीच्यांना तो नुसता नंबराने हाक मारतो. आबांना ते पटेना. "अकरा नंबर काय? नाव हाय की त्याला!" म्हणून त्यांनी समालोचकाला बंद करायला लावलं आणि स्वतः सुरू झाले. "आला आला, कडंनं आला, घेतला आत, बघतोय काय, मार की रं!" गेलेली माणसं आमच्या हॉलमध्ये धावत होती, त्यांना शिव्याही मिळत होत्या, आणि आबा हसत होते. खालच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या. मी त्यांना खुशाल खोटं सांगितलं की टीव्ही बिघडलाय.

मुलगी मात्र तेव्हाही जर्मनच बोलायची. विमानतळावर आबांनी तिला जवळ घेतलं तेव्हाही तिने जर्मनमध्येच निरोप घेतला, "च्यूस, आबा." मला वाईट वाटलं, आणि ते वाटणं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही.

आबांच्या बॅगेत नवऱ्याने तसलाच एक कन्सोल भरून दिला होता. कोल्हापुरात दीर आणि जाऊबाई राहतात, त्यांनी तो जोडला. मग शनिवारी आमची दुपार आणि त्यांची संध्याकाळ एकत्र आली. आजोबा आणि नात एकाच संघातून, संगणकाविरुद्ध. आबा तिकडून समालोचन करायचे आणि टीव्हीतून त्यांचा आवाज घरभर यायचा.

पुढच्या वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. नवरा धावत जाऊन आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यांना सगळं कळतं, डॉक्टर म्हणाले, शब्द मात्र येत नाहीत, कदाचित येतील, कदाचित नाही. रोज एक बाई येऊन त्यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घ्यायच्या. आबा ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघायचे. दीर म्हणाले, "वहिनी, आबा प्रयत्नच करत नाहीत. लाज वाटत असंल त्यांना."

आम्ही व्हिडिओ कॉल लावायचो. मुलगी समोर यायची नाही. मी रागावले, समजावलं, पुन्हा रागावले. "वास झोल इश देन झागेन?" मी बोलू तरी काय, एवढंच ती म्हणायची. तिचं चूक होतं असंही नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी, आपल्याला न येणाऱ्या भाषेत, काय बोलायचं?

मग एका शनिवारी ती माझ्याजवळ आली आणि जर्मनमध्येच म्हणाली, काकाला फोन करून सांग, कंट्रोलर आबांच्या डाव्या हातात दे, खाली उशी ठेव. तिने गेमच्या सेटिंगमधून सगळं शोधून ठेवलं होतं. सगळं दोनच बटणांवर चालेल अशी सोय. खेळाचा वेग कमी. पास आपोआप नीट जाईल अशी मदत. प्रेक्षकांचा गलका बंद, कारण गोंगाटाने आबा दमतात असं तिने आमच्या बोलण्यातून ऐकलं होतं.

सामना सुरू झाला. इतका शांत सामना मी कधी ऐकला नव्हता. चेंडूला पाय लागल्याचा आवाज, आणि टीव्हीतून कोल्हापूरच्या खोलीतला पंख्याचा आवाज. आबांचा खेळाडू जागच्या जागी गोल फिरत होता. मी स्वयंपाकघरात कणीक मळत उभी होते, बघवत नव्हतं.

"आला आला," कोणीतरी म्हणालं. "कडंनं आला. घेतला आत."

मला वाटलं, दीर बोलतायत. मी बाहेर आले. माझी मुलगी बोलत होती. पाठ ताठ, नजर पडद्यावर, कान लाल झालेले. तिचा र घशातून येत होता, जर्मन माणसाचा येतो तसा, पण शब्द आबांचे होते, हेलही आबांचा. ती एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेत होती, त्याला हाका मारत होती, त्याच्यावर ओरडत होती. "बघतोय काय, मार की रं!" माझे कणकेचे हात तसेच राहिले. इतकी वर्षं मी जे मागत होते ते समोर चाललं होतं, आणि ज्यांच्यासाठी मागितलं त्यांना आता उत्तर देता येणार नव्हतं. मला रडू आवरेना.

पडद्यावर गोल झाला. मुलीने गोल करणाऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं. ते नाव चुकीचं होतं, हे मलासुद्धा कळलं. मुद्दाम चुकली की खरंच, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

टीव्हीतून एक आवाज आला. घोगरा, अर्धा आत राहिलेला.

"न्हाई."

पाठोपाठ दिरांचा आवाज, "वहिनी! ऐकलंत?" मुलीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. खेळ तिने सोडून दिला, चेंडू समोरच्या संघाकडे गेला, तिने पाहिलंही नाही.

"मग कोण, आबा?" तिने विचारलं.

तिकडून श्वास ऐकू येत होता. मग एक अक्षर, तुटलेलं. पुन्हा तेच अक्षर. नाव काही पुरं होईना. माझ्या ओठांवर ते आलं होतं, मी सांगणार होते, पण मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

"घाई नाही, आबा," ती म्हणाली. "मी हाय की हितंच."