भाताचा वास

मानकोलीच्या गोदामांवर पहारा करणारा आमचा चिंधूमामा एका गोष्टीत कधी चुकला नाही. धुळीत उठलेला पाय बघून तो सांगायचा, मुंगूस येऊन गेलं की मसण्याऊद. शिकलेली माणसं दोघांनाही मांजर म्हणून मोकळी होतात, याचा मामाला भयंकर राग यायचा.

"मुंगूस दिवसाढवळ्या हिंडतं, त्याची नखं मातीत उठतात. ऊद रातचा येतो, नखं आवरून चालतो. येक शेजारी हाय, दुसरा चोर!"

लहान लेकरांना पुरलेली जागा ऊद उकरतो असं आमच्याकडे मानतात, म्हणून तो मसण्या. त्याची आणखी एक खूण मामानं फक्त मला सांगितली होती. ऊद येऊन गेला की मागं शिजलेल्या भाताचा वास राहतो. घरी मात्र तो हे कधी बोलला नाही. पानावर बसल्यावर कुणाला मसण आठवू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

दोन हजार चारच्या थंडीत त्याच्या लेकीचं, चंद्राचं, बाळ तापानं गेलं. आठवड्यावर उष्टावण आली होती. अन्नाचा कण पोटात न जाताच ते गेलं, हे तिला सहन होत नव्हतं. शेलारच्या ओढ्याकाठी त्याला पुरलं आणि वर दगड रचले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध ठेवायला आम्ही तिघं गेलो. एक दगड सरकला होता. कडेची माती उकरलेली होती. चंद्रा मटकन खाली बसली.

"बाबा, खरं सांगा. मुंगूस का ऊद?"

मामा वाकला. त्याच्या खांद्यावरून मलाही दिसलं. गोल पाय होते आणि नखाची खूण कुठंच नव्हती.

"मुंगूस," मामा म्हणाला. "उंदरामागं आलं आसंल. बाळाला काय झालं न्हाय." बोलता बोलता त्यानं पायानं माती सारखी केली.

चंद्रानं डोळे पुसले. मग मान वर करून तिनं खोल श्वास घेतला.

"बाबा, भाताचा वास येतोय. हितं तर चूल न्हाय." तिचा चेहरा उजळला. "माझ्या बाळाला कुणी भरवलं का वो?"

मामानं दगड उचलून जागेवर ठेवला.

"व्हय गं बाय. भरवलं."

चंद्रा अजून दर अमावस्येला तिथं वाटीभर भात ठेवून येते. सकाळी वाटी लख्ख चाटलेली असते, हे ती आनंदानं सगळ्यांना सांगते. मामानं भात कायमचा सोडला.