विहिरीतली सात गाणी

उंब्रजच्या बँडमध्ये जोतीराम अकरा वर्षे गायला, पण वरातीतल्या कोणालाही त्याचा एक शब्द कधी कळला नाही. पुढे ढोल, मागे ताशा, मध्ये हा. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याने बँड सोडला. स्वतः रचलेली सात गाणी कोणीतरी एकदा शेवटपर्यंत ऐकावीत, एवढीच त्याची हाव होती.

"बिनढोलाचं गाणं?" बँडमालक नानासो म्हणाले. "दुसऱ्यालाच मान्सं पान खायला उठतील, गड्या."

फौजी दोस्त बिराप्पा सुट्टीवर आटपाडीला आला, तो टेपरेकॉर्डर घेऊन. गाणी टेप करायला जागाही त्याचीच. त्याच्या विहिरीवर मोटारीसाठी वीज होती आणि विहिरीत पाणी नव्हते. आटपाडीत याचे कोणाला नवल नव्हते. जोतीराम पेटी घेऊन तळाशी बसला. वरून माइक सोडला. आवाज असा घुमला, की जोतीरामला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. कपारीतले पारवे अधूनमधून साथ देत होते. मोटारीच्या खोलीत टेप चालू ठेवून बिराप्पा घोरू लागला.

चौथ्या गाण्याचा लांबलचक आलाप चालू असताना शेजारची हरणाबाई शेरडे घेऊन तिकडून चालली होती.

"कोन पडलंय रं? हातपाय हालवू नगंस, बाज आणत्यात!"

विहिरीत पडलेल्याला काढायच्या रिवाजाप्रमाणे चार दोर बांधून बाज खाली आली.

"आवं, मी गातोय!"

"डोक्याला मार लागलाय," वरून निदान झाले.

बिराप्पा जागा झाल्यावर उलगडा झाला. पण जमलेली माणसे हलेनात, काठावरच बसली. जोतीरामने उरलेली गाणी म्हटली. गाणे संपले की हरणाबाई वाकून विचारी, "बरा हाईस न्हवं?"

हे सगळे टेपवर उतरले. दुसरी टेप नव्हती आणि बिराप्पाची सुट्टी संपली होती. जाताजाता त्याने उंब्रजला पारावर टेप लावली. बाज उतरली तेव्हा लोक हसून लोळले. पाचवे गाणे संपले, हरणाबाईने विचारले, पुन्हा हशा. लोक तिचीच वाट बघतायत, हे जोतीरामला दिसत होते. तो मान खाली घालून बसला.

सातवे संपले. सगळ्यांनी कान टवकारले. टेपवर नुसते पारवे.

"आता का गप बसली ती?" नानासोंनी हळूच विचारले.

"ऐकत हुती," जोतीराम म्हणाला.

पहिल्या गाण्याच्या वेळी लावायला घेतलेले पान अजून नानासोंच्या हातातच होते.