शिवेवरची वस्ती

मंगळवार, सकाळी अकरा. सार्वजनिक सायकलींच्या थांब्यांची बैठक. हजर: दोन्ही गावांचे सरपंच, ग्रामसेवक, सायकल योजनेच्या कार्यालयातून मी आणि न बोलावताच येणारे सायकल दुरुस्तीवाले. ते आधी दारातल्या सगळ्या सायकलींची चाकं अंगठ्यानं दाबून पाहतात, मगच उंबऱ्याशी बसतात.

त्यांची वस्ती दोन गावांच्या शिवेवर आहे. प्रत्येक गावानं ती दुसऱ्याची धरली, त्यामुळे मी केलेल्या यादीत ती आलीच नाही. थांबे मंजूर झाल्यावर हे कळलं.

"पुढच्या वर्षी बघू, मामा," एक सरपंच म्हणाले.

"लेकीनं कॉलेज सोडलं की वो औंदा. सुप्याच्या कॉलेजापतूर रोज किती चालंल ती?"

एवढं बोलून ते उठले आणि जाताना माझ्या सायकलीत हवा भरून गेले.

वस्तीच्या थांब्याचा अर्ज मी लिहिला आहे. त्यावर अजून एकाही सरपंचाची सही नाही.