अकरावी पिन

ती बातमी घरात मीच वाचून दाखवली. रविवारी सकाळी मटार सोलायला वर्तमानपत्र पसरलं होतं, टरफलं बाजूला सारताना खाली मथळा दिसला. बारा वर्षांपूर्वी कारखाना, दुकानं सगळं गुंडाळून देशातून निघून गेलेली ती मोटार कंपनी परत यायचं म्हणत होती. लोक आपल्याला पुन्हा दारात उभं करतील का, हे चाचपायला ती ठिकठिकाणी आपल्या जुन्या गाड्यांची फुकट तपासणी ठेवणार होती. आमच्याकडे येत्या शुक्रवारी, त्यांच्याच बंद पडलेल्या शोरूममध्ये.

"घ्या!" आमचे हे म्हणाले. "भांडून गेलेली सून परत नांदायला येतेय. आधी माणूस पाठवलाय, सासूचा राग गेला का बघायला."

मी हसले. धाकटे दीर मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातला कप बशीत ठेवला.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "तपासणी म्हणजे गाड्या खालून उघडतील का हो?"

भावजी टर्नर आहेत. लेथवर लोखंडाचा तुकडा चढवायचा आणि हवा तो आकार काढायचा, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. लेथशीच लागलंय, असं हे म्हणतात. नऊ वर्षं ते त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते. एका सोमवारी कामावर गेले तर दाराला कुलूप. फोन नाही, चिठ्ठी नाही. भावजी दोन अवजारांच्या पेट्या आणि अंगावरचा शर्ट घेऊन घरी आले. खिशावरचं कंपनीचं चिन्ह मी उसवून दिलं. तेवढ्या जागी कापड अजून गडद आहे. शर्ट टाकू मात्र देत नाहीत.

मागे राहिलेल्या गाड्या कुठे जाणार? त्या परसातल्या आमच्या शेडमध्ये येऊ लागल्या. होता होता अकरा उरल्या. भावजींना त्या खोकल्यावरून ओळखू येतात. "बेकरीवाल्याची दम्याची आली," असं ते घरातूनच सांगायचे.

त्या गाड्यांत पुढच्या चाकाला धरून ठेवणारी एक पिन असते. अंगठ्याहून थोडी जाड, मध्ये मान बारीक. ती तुटली तर चाक आडवं होतं, मग गाडी कोणाचं ऐकत नाही. कंपनीच्या पिना संपल्या तेव्हा भावजींनी स्वतः घडवल्या. चांगलं पोलाद आणलं, केसाचाही फरक पडू दिला नाही. आणि प्रत्येक पिनेवर टोकदार पंच ठेवून हातोडीने एक ठिपका मारला. "उद्या कोणी गाडी उघडली तर हे कंपनीचं नाही, माझं आहे, हे कळायला हवं," असं त्यांचं म्हणणं. टोकावर रबरी टोपी बसते, तिथे खूण झाकली गेली असती. म्हणून ठिपका मानेवर.

त्या रविवारी त्यांची भीती साधी होती. कंपनीची माणसं गाड्या उघडतील, घरगुती पिना बघतील, चारचौघांत अब्रू जाईल. "आपली कशी दिसते ते एकदा बघून घेतो," म्हणून दुपारी त्यांनी त्या अकरांतलीच आमची गाडी जॅकवर चढवली. पिन काढली, पुसली. मग मला म्हणाले, "वहिनी, खडू आहे का घरात?"

मुलींच्या फळ्याच्या खडूचा एक तुकडा होता, तो दिला. त्यांनी पिन रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, फडक्याने कोरडी केली आणि खडूची पूड चोळली. पिन पांढरीशुभ्र झाली. धातूला तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि खडूवर ओली रेघ उमटते, हे ते मला समजावत होते. समजावता समजावता थांबले.

रेघ उमटत होती. केसासारखी, करडी. ठिपक्यातून निघून मानेभोवती वळत चालली होती.

मला काही क्षण कळलंच नाही. त्यांचा चेहरा बघून कळलं.

"मीच घाव घातला," ते हळूच म्हणाले. "खूण करायला गेलो आणि नेमका मानेवर घाव घातला. रोजच्या हिसक्यांनी तिथूनच उकलत गेली."

या गाडीत मी मुलींना शाळेत सोडत होते. मी जवळच्या अवजारांच्या पेटीवर बसले.

संध्याकाळी ह्यांनी समजूत काढली. "अरे, शुक्रवारी ते सगळ्या उघडणारच आहेत. बघतील, काढतील. तू कशाला आपणहून बोंब मारतोस?"

"शुक्रवारपर्यंत पाच दिवस आहेत, दादा," भावजी म्हणाले. "तेवढे दिवस गाड्या उभ्या राहणार आहेत का?"

सकाळी उठून ह्यांनीच फोनची डायरी आणून दिली.

बुधवारपर्यंत आमची धरून दहा गाड्यांच्या पिना बाहेर आल्या. नव्या बसवल्या, बिनठिपक्याच्या. लोक बोलले. बेकरीवाला म्हणाला, "मालक परत येतोय म्हटल्यावर चोराला जाग आली वाटतं!" भावजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी प्रत्येक पिनेला खडू लावत होते. सहा स्वच्छ निघाल्या, चारांवर रेघ. प्रत्येक वेळी पूड चोळून झाली की आम्ही दोघं श्वास धरून बसायचो. फोन वाजला की त्यांच्या हातातलं काहीतरी पडायचं.

अकरावी गाडी नर्सबाईंची. पहिली पिन त्यांच्याच गाडीत बसली होती, सर्वांत जास्त धावलेलीही तीच. दर सोमवारी पहाटेच बाई डोंगरापलीकडच्या दवाखान्यात जातात, तिथून वस्त्यांवर फिरतात, शुक्रवारी उतरतात. त्या बाजूला मोबाईल लागत नाही. दवाखान्याच्या फोनवर कंपाउंडर भेटायचा आणि म्हणायचा, "बाई फिरतीवर आहेत, निरोप देतो." गुरुवारी भावजी बसने स्वतः वर गेले. बाई पहाटेच पुढच्या वस्तीला निघून गेल्या होत्या. त्या दिवशी ते परतले तेव्हा ताट तसंच झाकून राहिलं.

"बाई शुक्रवारी तपासणीला यायच्या आहेत," ते म्हणाले. "म्हणजे पूर्ण उतार त्या पिनेवर."

वरच्या वस्त्यांचे सगळे रस्ते डोंगराच्या पायथ्याशी एकत्र येतात. शुक्रवारी सकाळी सातपासून आम्ही तिथे उभे होतो. ह्यांना कामावर जाणं भाग होतं, म्हणून अवजारांची पिशवी धरायला मी गेले. शेवटचं वळण वर दिसत होतं, त्याच्या कडेला कठडा, कठड्याखाली काही नाही. ट्रक आले, बस आली, दूधवाला आला. आवाज आला की भावजी डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. नाही, ही नाही. एकदा वरून मोठा धाडकन आवाज आला. ते मटकन खाली बसले. रिकाम्या ट्रकचं मागचं फाळकं आपटलं होतं.

साडेनऊला त्यांनी डोळे उघडले. "तीच."

वळणावर जुनी राखाडी गाडी दिसली. बऱ्यापैकी वेगात होती. भावजी धावत रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. मी ओरडले, "अहो, ब्रेक दाबला आणि तुटली तर?" त्यांना ते माझ्याआधीच ठाऊक होतं. ते दोन हात वर-खाली करून सांगत होते, हळू, हळू.

गाडी सरपटत त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली.

"काय हो टर्नर, जीव नकोसा झालाय का?" बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाई, खाली उतरा. आधी उतरा."

"निरोप मिळाला ना मला. गाडीचं काहीतरी आहे म्हणे. तपासणीलाच तर निघालेय!"

त्यांनी उत्तर न देता जॅक लावला. चाक निघालं, पिन निघाली. मी रॉकेलची बाटली दिली, खडू दिला. बाई पदराने घाम पुसत वाकून बघत होत्या. या वेळी रेघेला उमटायला वेळ लागला नाही. ठिपक्यातून दोन्हीकडे धावली आणि मागच्या बाजूला जवळजवळ गाठ पडली. उरलं होतं ते नखाएवढं.

बाईंनी पिन हातात घेतली, वर वळणाकडे पाहिलं. "मी गाणं म्हणत उतरले," एवढंच म्हणाल्या आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

नवी पिन बसवून आम्ही तिघं तपासणीला गेलो. शोरूमचे दिवे पुसलेले होते. कंपनीचे साहेब तरुण, गोड बोलणारे. भावजींनी टेबलावर रुमाल उलगडला. अकरा पिना. "ह्या मी केल्या. ह्या अशा झाल्या. माझ्या हातून." त्यांचा आवाज इतका बारीक होता की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

साहेब एकेक पिन निरखत राहिले. शेवटी म्हणाले, "जुन्या गाड्यांचे भाग आणायचं अजून ठरलेलं नाही. आधी लोकांचा कल बघतोय." मग सवयीने बाईंसमोर कागद सरकवला. आम्ही परत आलो तर आमची गाडी घ्याल का? हो, नाही, सांगता येत नाही.

बाईंनी पेन उचललं नाही. "तुम्ही गेलात तेव्हा मला फोन केला होता?"

"मी तेव्हा कंपनीत नव्हतो."

"ह्यांनी केला. कितीदा, टर्नर?"

"मोजले नाहीत," भावजी म्हणाले.

"कंपाउंडरने मोजलेत. एकोणीस." बाईंनी कागद परत सरकवला. "तुम्ही परत या की नका येऊ. गाडी मी ह्यांना विचारून घेईन."

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता भावजींचा जीव भांड्यात पडेल. पायरीवरच त्यांनी बाईंना थांबवलं. "दर महिन्याची पहिली तारीख चुकवायची नाही, पिन बघायची. नवी पिन आहे, पण घडवलीय मीच."

कंपनीचं अजून काही ठरल्याचं ऐकलं नाही. पहिल्या तारखेला राखाडी गाडी परसात येते. भावजी पिन काढतात, मी खडू चोळते. बाई उभ्याच राहतात, बसा म्हटलं तरी बसत नाहीत. चहा आत उकळत असतो, पण पूड पांढरी राहिलेली दिसेपर्यंत तो गाळायला कोणी उठत नाही.