हलवून ओळखायचा खोका

आमच्या डिझाइनच्या वर्गाला अकोल्याच्या एका चिवडेवाल्या काकांच्या मालासाठी खोका करायचं काम मिळालं होतं. ज्याचा खोका त्यांना पसंत पडेल, तो खरोखर बाजारात जाणार होता. मला ते फार हवं होतं. परतवाड्याला आमचा भाजीचा धंदा. घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, आणि मी शिकते ते कुणाच्या कामाचं आहे का, याची मलाच खात्री नव्हती.

सगळ्यांसारखं मीही एआयला विचारलं. त्यानं देखणे खोके दिले. प्रत्येकावर चिवड्याचा फोटो, नाहीतर आतलं दिसावं म्हणून पारदर्शक खिडकी. माझ्या डोक्यात मात्र भुलाबाई होती, आमच्याकडचा मुलींचा गाण्यांचा सण. आमच्या गल्लीत गाणी संपली की खाऊचा बंद डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत डबा कुणी उघडत नसे. हे एआयला नीट सांगणं मला जमलं नसेल. शेवटी रंग आणि अक्षरं त्याची ठेवली, फोटो आणि मालाचं नाव काढलं, खिडकी बुजवली, आणि माल आत वाजावा म्हणून खोका जरा मोठा केला.

काका काकूंना घेऊन वर्गात आले. माझा खोका उलटापालटा करत म्हणाले, "आत काय हाये ते दिसतच नाही बेटा. लोकं काहून घेतीन?"

मी कसंबसं म्हटलं, "काका, आधी हलवून पाहा."

त्यांनी हलवला. "फुटाणे."

"नाही."

"मंग शेंगदाणे."

काकूंना हसू आवरेना. "अवो, जलम गेला कढईपाशी तयन्यात, अन् सोताचाच चिवडा वळखू येत नाही तुमाले?"

काकांनी रोजच्या मालासाठी दुसऱ्या एका मुलाचा खिडकीवाला खोका निवडला. माझा घेतला तो फक्त भुलाबाईच्या महिन्यापुरता. काकूंनीच तो घ्यायला लावला, असं मला वाटतं. तरी मी खूश होते.

नंतर प्रकल्पाच्या अहवालासाठी सरांनी विचारलं, यातलं एआयचं किती आणि तुझं किती? एआयचं मी पटकन सांगितलं. माझ्या वाट्यापाशी अडले. डबा हलवणं माझं म्हणावं, तर ते गल्लीतल्या सगळ्या मुलींचं. एआयही दुसऱ्यांचं पाहूनच शिकलं आहे. मग फरक काय? मी त्या मुलींत बसले होते, डबा माझ्या हातात येण्याची वाट पाहत, एवढंच मला सांगता आलं. सर म्हणाले, "अहवालात असंच लिही."