सात बोरी, चार फुलकळस

दर नोव्हेंबरात आम्हा निवृत्तांना आपण जिवंत असल्याचं बँकेत जाऊन सांगावं लागतं. यंदा मी हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा टेकवत होतो, तेव्हा काउंटरपलीकडचा मुलगा, आमच्याच कॉलेजातून बाहेर पडलेला, हळूच म्हणाला, "सर, वाघमारे मॅडमचं कळलं का तुमाला?" मला वाटलं, त्यांचा दाखला पुन्हा अडकला असेल. त्यांच्या बोटांचे ठसे त्या यंत्राला पटत नसत आणि दरवर्षी त्या बँकेत उभ्या राहून यंत्राचीच चूक कशी आहे ते सगळ्यांना समजावून सांगत. "दिवाळीच्या आधी वारल्या. नांदेडला, लेकीकडं होत्या. लय आजारी बी नव्हत्या म्हणायलेत..." मागे रांग होती. मी अंगठा पुन्हा टेकवला, यंत्रानं मी जिवंत असल्याचं मान्य केलं, आणि बाहेर येऊन मी स्कूटर कुठे लावली होती ते आठवत बराच वेळ उभा राहिलो.

कमल वाघमारे आणि मी परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्धं आयुष्य एकाच स्टाफरूममध्ये बसलो. त्या गणित शिकवायच्या, मी भौतिकशास्त्र. याला मैत्री म्हणावी की नाही ते आम्ही कधी ठरवलं नाही; भांडण मात्र नियमित होतं. मी झरीचा, घरची बऱ्यापैकी शेती. त्या पेडगावच्या, बौद्ध कुटुंबातल्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर घरातले देव विहिरीत सोडले आणि मुलीला शाळेत घातलं, एवढंच त्या स्वतःहून सांगत. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्यांच्या घरावर काय वेळ आली, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमची भांडणं निराळ्याच गोष्टींवर चालत. माझ्या प्रयोगशाळेतली उत्तरं जवळपास बरोबर असत आणि "जवळपास" हा शब्द त्यांना सहन होत नसे. "तुमच्याकडं पूल पडला तरी जवळपास उभाच हाय म्हणताल, सर," असं म्हणून त्या चहा बशीत ओतायच्या. वर्गात त्यांची मराठी छापील असायची. चहाच्या वेळी ती पेडगावला परत यायची.

कॉलेजात संगणक आले ते नव्वदच्या पुढेमागे. मुंबईतल्या कुठल्याशा कार्यालयानं नवी यंत्रं घेतली आणि जुनी आमच्या संस्थेला देऊन टाकली. लाकडी खोक्यांतून ती उतरली तेव्हा प्राचार्यांनी नारळ फोडला. ती यंत्रं चालत छान, पण त्यांचा स्वभाव हट्टी होता. यंत्राला जागं करून कामाला लावणारी जी मूळ सिस्टिम असते, ती त्यांना फक्त त्यांच्या कंपनीचीच लागायची, आणि कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. बाजारात सिस्टिमच्या नव्या नव्या आवृत्त्या येत होत्या. आमच्या यंत्रात घातल्या की पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ उघडमीट करत राहायची आणि पुढे काहीच नाही. दोन-तीन वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नाही. संगणकाचा वर्ग मॅडमकडे होता, त्या सगळ्यांना जुन्यावरच शिकवत राहिल्या. मग अभ्यासक्रम बदलला. परीक्षेच्या फ्लॉप्या नव्या सिस्टिमवरच चालणार असं वरून कळलं, आणि तपासणीच्या दिवशी यंत्रावर ती चालताना दिसली नाही तर आमचं परीक्षा केंद्र रद्द होऊन विद्यार्थ्यांना नांदेडला जावं लागणार होतं.

मुलांचं काही नव्हतं. ती नांदेडला जायला एका पायावर तयार होती. प्रश्न मुलींचा होता. सुवर्णा नावाची पेडगावचीच एक हुशार मुलगी होती, रोज एसटीनं यायची. तिचे वडील स्टाफरूमच्या दारात उभे राहून, आत न येता, सरळ बोलले. "परीक्षा हितं झाली तर देईल पोरगी. नांदेडला मुक्कामी पाठवणार न्हाई. एक सोयरीक आलेली हाय, ती बी थांबायला तयार न्हाई." मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत. ते गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "या पोरीचं गणित माझ्यापेक्षा चांगलं हाय, सर. आणि ती एका खोक्यापायी घरी बसणार." त्यांचा आवाज चढला नव्हता. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी भांडणं सोडलं, आणि त्याची मला काळजी वाटू लागली.

आमच्यासारखीच अनाथ यंत्रं सांभाळणारी माणसं इकडेतिकडे विखुरलेली आहेत, हे त्यांना एका संगणकाच्या मासिकातल्या पत्रावरून कळलं. पुण्यात एक दंतवैद्य होते, बेळगावात एक छापखानेवाले, नागपुरात रेल्वेतले एक गृहस्थ. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. नव्या सिस्टिमचा जो तुकडा आपल्या यंत्रात अडतो, तो उसवून त्या जागी आपला लिहिलेला तुकडा बसवायचा, चालला की दुसऱ्याला फुकट पाठवायचा, आणि ज्याला मिळेल त्यानं पुढच्याला, असा त्यांचा रिवाज. मॅडम त्याला ठिगळ म्हणत. सगळी ठिगळं जोडून त्या दंतवैद्यांनी एक पूर्ण फ्लॉपी तयार केली आणि पुणे-परभणी एसटीच्या कंडक्टरकडे दिली. आम्ही दोघं स्टँडवर घ्यायला गेलो. कंडक्टर खुशीत होता. "नाजूक हाय म्हणले तिकडून, म्हणून मागं कुठं टाकलं न्हाई. पुढं बॉनेटवर ठिवलं, डोळ्यासमोर. कुणाचा हात लागू दिला न्हाई!" इंजिनाच्या झाकणावर पुण्यापासून मानानं बसून आलेली ती फ्लॉपी उन्हात वाळवलेल्या पापडासारखी कडांनी वळली होती. मॅडमनी त्याला हसून धन्यवाद दिले. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "एवढी काळजी घेतली बिचाऱ्यानं... त्याला काय बोलावं?"

दुसरी फ्लॉपी निघाली, पण ती पोहोचलीच नाही. त्र्याण्णवचा शेवट होता तो. नामांतराचा निर्णय होणार, होणार नाही, अशा बातम्या रोज येत होत्या. आज इथे बंद, उद्या तिथे रास्ता रोको. ज्या गाडीत ती होती ती देवगाव फाट्यावरून परत फिरवली, असं कळलं. तपासणी दोन दिवसांवर आली होती. नवी सिस्टिम आमच्याकडे होतीच, तेव्हा मॅडमनी ठरवलं की नुसतं ठिगळ फोनवरून घ्यायचं.

हे मला आधी पटेना. असं ठिगळ म्हणजे शेवटी आकड्यांच्या आणि अक्षरांच्या जोड्यांची लांबलचक ओळ. शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजी ए ते एफ ही सहा अक्षरं. एक जरी चुकलं तर सगळं फुकट. त्या काळच्या ट्रंक लाइनवर बी, सी, डी आणि ई एकसारखेच ऐकू यायचे. मॅडमनी त्यावर उपाय काढला. प्रत्येक अक्षराला जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव दिलं. ए म्हणजे असोला, बी बोरी, सी चारठाणा, डी देवगाव, ई एरंडेश्वर आणि एफ फुलकळस. झरी कशातच बसत नाही याचं मला वाईट वाटलं आणि मी तसं म्हणालोही. पुण्याच्या दंतवैद्यांना त्यांनी आधी ही गावं पाठ करायला लावली. पुण्याच्या माणसाच्या तोंडून "फुलकळस" ऐकून त्यांना मनापासून हसू आलं, तेवढंच त्या आठवड्यातलं हसू.

त्या दिवशी गावात बंदच होता. कॉलेजजवळचं एकच एसटीडी बूथ अर्धं शटर वर करून चालू होतं. बूथवाला आम्हा दोघांनाही आडनावानं ओळखायचा. मॅडम काचेच्या केबिनमध्ये शिरल्या, मी बाहेर बाकावर बसलो. तिकडून एक ओळ यायची, मॅडम ती लिहून ताळ्यासाठी मोठ्यानं परत म्हणायच्या. "सात बोरी. चार फुलकळस. देवगाव नऊ. दोन चारठाणा..." बूथवाला आधी हिशेब लिहीत होता. मग त्याचा हात थांबला. तो एकदा मॅडमकडे, एकदा रस्त्याकडे पाहू लागला. अर्धं अधिक झालं असेल, इतक्यात त्यानं केबिनचं दार उघडलं आणि म्हणाला, "बस झालं मॅडम. फोन ठिवा."

"का? लाइन चालू हाय माझी."

"गावागावाचे आकडे सांगायलेत तुमी मघापासून. दिवस कसले हायेत? कुठून किती माणसं निघायलेत ते माझ्या फोनवरून कळवायचं न्हाई. उद्या पोलीस मला विचारतेत."

"कॉम्प्युटरचं काम हाय हे. सरांना विचारा."

"कॉम्प्युटरला फुलकळस कशाला लागतंय?" त्यानं विचारलं. खरं सांगायचं तर प्रश्न रास्त होता. मी उठून त्याला समजावू लागलो: यंत्र, अक्षरं, तपासणी. तो मान डोलावत राहिला, पण पाहत होता मॅडमकडेच. फोन त्यानं स्वतःच्या हातानं खाली ठेवला होता. मॅडम केबिनबाहेर आल्या. "हीच गावं सरांनी म्हणली असती, तर थांबवलं असतं का तुमी?" त्यांनी विचारलं. त्यानं हिशेबाची वही पुढे ओढली. मॅडमनी हातातले कागद माझ्यापुढे धरले. "उरलेलं तुमी घ्या, सर. सातव्या ओळीपासून."

मी आत गेलो. नंबर पुन्हा लागला. दंतवैद्यांनी काय झालं विचारलं. मी लाइन कटली म्हणून सांगितलं. मग मी तीच गावं, त्याच आवाजात, किंबहुना मॅडमपेक्षा मोठ्यानं म्हणत गेलो. नऊ बोरी, फुलकळस शून्य, असोला एक. कुणी थांबवलं नाही. मध्येच बूथवाला उठला. मला वाटलं आता दार उघडतो. त्यानं काउंटरवरचा पंखा माझ्याकडे वळवला आणि परत जाऊन बसला. मला संताप आला होता, पण ओळ चुकेल म्हणून मी तो पुढे ढकलला. काचेतून मॅडमची पाठ दिसत होती. त्या बाकावर ताठ बसल्या होत्या आणि समोरून एकही वाहन जात नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी सगळं यंत्रात भरलं. शेवटी ताळा जुळला. माझ्या भागातही चूक निघाली नाही, याचं त्यांना थोडं नवल वाटलं असावं. यंत्र बंद करून चालू केलं. रेघ थोडी उघडमीट झाली आणि मग नवी सिस्टिम पडद्यावर आली. सुवर्णा तिथेच होती, तिनं टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "झालं की मॅडम!" त्या म्हणाल्या, "झालं. पण माझ्या तोंडून न्हाई झालं." तपासणीचे गृहस्थ आले, पडदा पाहिला, चहा घेतला आणि केंद्र कायम केल्याचं सांगून गेले. सुवर्णानं परीक्षा परभणीतच दिली. सोयरीक थांबली नाही, मोडली. तिच्या वडिलांनी ती बातमी मॅडमना येऊन सांगितली तेव्हा ते खुर्चीत बसले होते.

जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मॅडमनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी विचारलं, बूथवाल्याला दिला का? "का देऊ?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. मला वाटत होतं, मोठ्या मनाची गोष्ट म्हणून त्या देतील. तसं वाटणं मला परवडत होतं.

नंतर कॉलेजातच फोन आला आणि तो संगणकाच्या खोलीत बसवला गेला. त्या काळात ती खोली म्हणजे देवघर असायची. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर आणि दार सदा बंद. मॅडमनी पहिल्याच दिवशी दार सताड उघडलं. बेळगाव-नागपूरचे लोक ठिगळं मागायला फोन करत, तेव्हा त्या खणखणीत आवाजात गावं म्हणत, व्हरांड्यातून जाणाऱ्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशी. प्राचार्यांनी धुळीबद्दल दोनदा सांगून पाहिलं. "धूळ मी पुसून घेईन," एवढंच त्या म्हणाल्या आणि निवृत्त होईपर्यंत रोज पुसत राहिल्या. मला त्यांची आठवण येते. चहाच्या वेळी जास्त येते. आता माझी उत्तरं जवळपास बरोबर असली तरी चालतात.

शोकसभा कॉलेजातच झाली. भाषणं संपल्यावर मी त्या खोलीकडे गेलो. यंत्रं चार वेळा बदललीत, एसी आलाय, आणि तिथं आता सुवर्णा शिकवते. ती मुलांना काही दाखवत होती. एसी चालू होता आणि दार सताड उघडं. गार हवा सगळी व्हरांड्यात येत होती. विजेचं बिल मनात येऊन मी सवयीनं दार ओढून घेऊ लागलो.

"राहू द्या, सर," सुवर्णा आतून म्हणाली. "मॅडमला बंद दार चालत नाही."

मी दार सोडलं, चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.